एका चुकलेल्या टेबलची गोष्ट : अमेरिकेची १८४० ची जनगणना

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला 'डेटाची विश्वसनीयता' हा मुद्दा असतोच. आपण व्याख्या पाठ करतो, दोन मार्क घेतो आणि पुढे जातो. आज त्याचंच एक उदाहरण सांगते, पण लॅबमधलं नाही. अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावरून १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, त्याच्या वीस वर्षं आधीचं.

१८४० च्या जनगणनेत अमेरिकी सरकारने पहिल्यांदाच मनोरुग्ण आणि मतिमंद लोकांची मोजणी केली, गोरे वेगळे आणि कृष्णवर्णीय वेगळे. निकाल असा होता: उत्तरेच्या, म्हणजे गुलामी नसलेल्या राज्यांत दर १६२ कृष्णवर्णीयांमागे एक जण मनोरुग्ण. दक्षिणेच्या गुलामी असलेल्या राज्यांत १,५५८ मागे एक. मेन हे अगदी उत्तरेकडचं राज्य, तिथे तर १४ मागे एक!

असं टेबल तुमच्यासमोर आलं तर पहिला प्रश्न काय विचाराल? गुलामीच्या समर्थकांनी प्रश्न विचारायची तसदीच घेतली नाही. स्वातंत्र्य या लोकांना झेपत नाही, गुलामीतच ते सुखी राहतात, असा थेट निष्कर्ष काढून मोकळे झाले.

मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनीसुद्धा सुरुवातीला हे आकडे खरे धरले आणि १८४२ मध्ये त्यावर लेख छापला. नंतर त्यांना शंका आली आणि त्यांनी जे केलं ते प्रत्येक पीएचडीवाल्याने करावं असं आहे. एकूण बेरजा बाजूला ठेवून ते एकेका गावाच्या आकड्यांपर्यंत खाली उतरले. काही गावांत कृष्णवर्णीयांची लोकसंख्या शून्य, पण कृष्णवर्णीय मनोरुग्ण मात्र हजर! वूस्टर शहरात १३३ कृष्णवर्णीय मनोरुग्ण दाखवले होते. ते निघाले तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले गोरे पेशंट. एवढी गडबड झाली कशी? फॉर्मवर रकान्यांची प्रचंड गर्दी होती, त्यामुळे गोऱ्यांचे आकडे शेजारच्या रकान्यात सरकले असावेत, असं नंतरच्या इतिहासकारांना वाटतं. उत्तरेत कृष्णवर्णीय मुळात कमी, त्यामुळे दोन-चार चुकीच्या नोंदींनीही प्रमाण कुठच्या कुठे जातं. छेद लहान असला की काय होतं, हे स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांना सांगायला नको.

न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांची चिरफाड केली. ते स्वतः कृष्णवर्णीय. अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही म्हणून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जाऊन डॉक्टर झालेले. १८४४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने संसदेला रीतसर निवेदनही दिलं. म्हणजे आजच्या भाषेत पीअर रिव्ह्यू झाला आणि पेपर नापास झाला. मग तो मागे घ्यायला हवा ना?

इथेच राजकारण आडवं आलं. जनगणनेचं काम तेव्हा परराष्ट्र खात्याकडे होतं आणि १८४४ मध्ये त्या खात्याचे मंत्री झाले जॉन कॅलहून. साउथ कॅरोलायनाचे, गुलामीचे सर्वांत बुद्धिमान वकील. टेक्सास अमेरिकेत सामील करून घ्यायचा वाद तेव्हा पेटला होता, कारण तो आला की गुलामीवाल्या राज्यांचं बळ वाढणार. त्या एप्रिलमध्ये कॅलहून यांनी ब्रिटिश राजदूत पॅकनम यांना पत्र लिहिलं, टेक्सासच्या प्रश्नाला गुलामीच्या समर्थनाची जोड दिली आणि पुरावा म्हणून हेच आकडे पुढे केले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी चुकांबद्दल त्यांना गाठलं. इतक्या चुका आहेत की त्या एकमेकींना तोलून धरतात, असं उत्तर कॅलहून यांनी दिल्याचं अॅडम्स यांच्या डायरीत आहे. (हे वाक्य व्हायव्हात म्हणून बघा!) आकडे कधीच दुरुस्त झाले नाहीत.

आता सावध राहू या. या टेबलमुळे युद्ध झालं असं मी म्हणत नाहीये. टेबल नसतं तरी कॅलहून यांचं मत तेच राहिलं असतं. माझ्या मते महत्त्वाचं हे की पुरावा समोर असूनही सत्तेतल्या माणसाला तो बघायची गरज वाटली नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. त्या पत्राने उत्तरेतले लोक आणखी बिथरले आणि जूनमध्ये सिनेटने टेक्सासचा करार फेटाळला. तरी १८४५ मध्ये टेक्सास आलाच. पाठोपाठ मेक्सिकोशी युद्ध झालं. तिथून मिळणाऱ्या जमिनीवर गुलामी नको, हा विल्मट यांचा प्रस्ताव १८४६ मध्ये आला तेव्हा मतं पक्षानुसार पडलीच नाहीत. उत्तर विरुद्ध दक्षिण अशी सरळ फाळणी. पुढे कॅन्ससमध्ये याच प्रश्नावर रक्त सांडलं.

फॉर्म मात्र सुधारला. १८५० पासून दर माणसाची वेगळी ओळ आली, नावासकट. ही सोय फक्त स्वतंत्र माणसांसाठी. गुलामांचा तक्ता वेगळा होता. त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. १८६० मध्ये अशा जवळपास साडेएकोणचाळीस लाख माणसांची मोजणी झाली, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं.