देवराईबाहेरचं रान

सह्याद्रीत माणसाचा हात कधीच न लागलेलं जंगल मला सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही. त्याच्या जवळपास जाणारं काही असेल, तर ती देवराई. काळकाई, वाघजाई, भैरोबा यांच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक. मांडीएवढी जाड गारंबीची वेल बघायची तर बऱ्याचदा तिथंच जावं लागतं.

मग देवराईबाहेरचं रान गेलं कुठे? ‘गावकऱ्यांनी तोडलं’ हे उत्तर आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अर्धवट वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठीही नियम आहेत. रयतेच्या झाडाला मालकाच्या राजीखुशीशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे तोड तेव्हाही होती, पण तिला अटकाव होता, निदान कागदावर.

१८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि हिशेबच बदलला. १८७०च्या दशकात देशभर वर्षाला दहा लाखांहून जास्त लाकडी स्लीपर लागत. १८६४मध्ये वनखातं आलं, १८७८मध्ये नवा जंगल कायदा. जंगलं ‘राखीव’ झाली. कुणासाठी? जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हे गाऱ्हाणं आहेच: डोंगर आणि गायरानं खात्यानं घेतली, गरिबाच्या शेरडांना जागा उरली नाही. जे रान आपलं राहिलं नाही, ते कुणी कशाला जपेल?

स्वातंत्र्यानंतर कुऱ्हाड थांबली नाही. पानशेत म्हटलं की आपल्याला १२ जुलै १९६१ला फुटलेलं धरण आठवतं. पण त्या धरणासाठी खोऱ्यात रस्ता झाला आणि त्या रस्त्यानं कोळशाचे व्यापारी आले. शेतकऱ्यांच्या मालकीची झाडं पडली, भट्ट्या लागल्या, डोंगर बोडके झाले. कोळसा पुण्यात जळला. (शहराचं नाव या गोष्टीत सहसा कुणी घेत नाही.)

सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ देवरायांची नोंद करत हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना साकडं घातलं: आमची देवराई तोडीला निघालीय, वाचवा. त्यांचं म्हणणं देवाच्या कोपापुरतं नव्हतं. भोवतीचं रान गेलं होतं आणि गावचा ओढा या राईच्या जिवावर वाहत होता. ती तोड थांबली.

आता बऱ्याच देवरायांत जीर्णोद्धार चालू असतो. उघड्यावरच्या तांदळ्यावर स्लॅब पडतो, सभामंडपासाठी जागा मोकळी करतात आणि खर्च भागवायला राईतलीच झाडं विकतात.