बंपरच्या बिलातला इतिहास

आजची गोष्ट सुरू होते जालन्यातल्या एका गॅरेजमध्ये. नाव घेणार नाही.

बाबांच्या गाडीचा पुढचा बंपर फुटला होता. गॅरेजवाले काका म्हणाले, "सर, तुम्ही फक्त सही करा. डिक्कीचा जुना पोचा पण क्लेममध्ये बसवून देतो." बाबांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली. मी शेजारी चहा पीत होतो. खरं सांगू? मला ती हुशारीच वाटली.

ही 'अ‍ॅडजस्टमेंट' आली कुठून? १९३९च्या मोटार कायद्याखाली १९४६ मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. पण तो समोरच्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीचा खर्च येतो 'ओन डॅमेज'मध्ये, आणि तिथली खरी गोम म्हणजे घसारा. काचेवर कपात नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. प्लास्टिक आणि रबरावर मात्र थेट ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी! (झिरो डेप घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.)

आता बघा, अँबेसेडरचा बंपर लोखंडी होता. वाकला की ठोकून सरळ करायचे. आजचा प्लास्टिकचा, फुटला की नवाच. म्हणजे ६,००० च्या बंपरमागे ३,००० आपल्या खिशातून. गॅरेजवाला म्हणतो, "तुमचा एक रुपया जाणार नाही." मग ते ३,००० निघतात कुठून? न बदललेला पार्ट 'बदलला' लिहून, नाहीतर जुना पोचा नव्या अपघातात घुसवून.

हे पकडायला सर्व्हेअर असतो. १९६८ च्या दुरुस्तीनं २०,००० आणि त्यावरच्या क्लेमला लायसन्सवाला सर्व्हेअर सक्तीचा केला. आमचा क्लेम छोटा होता, तरी कंपनीचा माणूस आलाच. त्यानं डिक्कीच्या पोच्यावरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. "धडक परवाची, पुढून. मग मागं गंज कसा?"

खुलासा मागणारं पत्र आलं ते बाबांच्या नावानं. सही त्यांची होती ना, काकांची नव्हती. बाबा शाळेत शिक्षक. दोन दिवस त्यांनी ते पत्र आईलाही दाखवलं नाही. चारशे वीस हे कलम (आता न्याय संहितेत ३१८) ते पोरांना गमतीनं सांगायचे.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः ऑफिसात गेले आणि 'डिक्कीचं नुकसान जुनं आहे' असं लिहून दिलं. बंपरचे निम्मे पैसे मिळाले. डिक्कीचा पोचा अजून तसाच आहे.