ध्वनिक्षेपक यंत्रणा : खरेदीच्या किमतीपलीकडचा हिशेब

बंगळुरू शहरात मोठ्या सार्वजनिक कार्यक्रमांची जुनी परंपरा आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीत महोत्सव आणि १९६२ पासून साजरा होणारा बंगळुरू गणेश उत्सव ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. अशा कार्यक्रमांना व्यावसायिक ध्वनिक्षेपक यंत्रणा लागते. मात्र दुकानातील किंमत हा तिच्या एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो.

ॲम्प्लिफायर, मिक्सर, तारा, स्टँड, वीज किंवा जनित्र, वाहतूक, हमाली, तंत्रज्ञांचे मानधन, साठवणुकीची जागा, दुरुस्ती आणि कर्जावरील व्याज हे सारे या हिशेबात धरावे लागते. यंत्रणा पुढे विकून मिळणारी रक्कम त्यातून वजा होते.

स्वस्त स्पीकर अनेकदा महाग पडतो, याचे कारण त्याच्या संवेदनक्षमतेत आहे. एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरला १२५ डेसिबलसाठी सुमारे १,००० वॅट लागतात. ९८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी सुमारे ५०० वॅट पुरतात. त्यामुळे ॲम्प्लिफायर आणि जनित्र या दोहोंवरील भार कमी होतो.

मोकळ्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की एका स्पीकरचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. मागच्या श्रोत्यांसाठी तो वाढवला, तर पुढच्यांचे कान दुखतात. मैदानाच्या मध्यावर लहान स्पीकर लावणे हा त्यावरील उपाय होय. मात्र आवाजाला ३४ मीटर जाण्यास सुमारे एक दशांश सेकंद लागत असल्याने मधल्या स्पीकरचा आवाज तेवढा विलंबाने सोडावा लागतो. त्यासाठीचे उपकरण आणि जाणकार तंत्रज्ञ यांचाही खर्च येतो.

बंगळुरूत सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना असून गणेशोत्सवही बहुधा त्याच सुमारास येतो. स्पीकरमधील कागदी पडदे आणि तारांचे जोड ओलाव्याने खराब होतात. म्हणून आच्छादने आणि सुटे भाग यांची तरतूद आधीच करावी लागते.

किती आवाज वापरता येईल, हे कायदाही ठरवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी तो लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या सीमेवरील आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी पातळी कमी असेल, तिच्या आत राहावा लागतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असल्याने तेथे ही पातळी ६५ डेसिबल ठरते. नियमभंग झाल्यास यंत्रणा जप्त करण्याची तरतूद करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात दिले होते. वापरताच न येणाऱ्या शक्तीवर पैसे घालवण्यापेक्षा आवाज श्रोत्यांकडेच वळवणारी मांडणी अधिक किफायतशीर ठरते.

यंत्रणा विकत घ्यावी की भाड्याने, हे वापरावर अवलंबून आहे. उदाहरणादाखल, यंत्रणा ६ लाख रुपयांची असून पाच वर्षांनी तिचे १ लाख रुपये येतील, असे मानू. म्हणजे वार्षिक घसारा १ लाख रुपये होतो. देखभाल आणि साठवणुकीचे ४० हजार रुपये धरल्यास वर्षाचा ठरावीक खर्च १ लाख ४० हजार होतो. भाडे प्रत्येक कार्यक्रमाला १४ हजार आणि स्वतःच्या यंत्रणेची वाहतूक व मजुरी ४ हजार असल्यास दर कार्यक्रमामागे १० हजार रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला १४ कार्यक्रमांवर खर्च आणि बचत यांचा मेळ बसतो. कर्ज काढले असल्यास ही संख्या आणखी वाढते. वर्षातून एक-दोन उत्सव करणाऱ्या मंडळासाठी भाड्याची यंत्रणाच हिताची ठरते.