येलदरीचा काठ आणि उपग्रहाची नजर

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मात्र पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयामुळे दरवर्षी पुढे-मागे सरकणारा एक विस्तीर्ण काठ जिंतूर तालुक्याला लाभला आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची मूळ एकूण साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील सिंचन पूर्णा प्रकल्पाशी निगडित आहे. जलाशयात गाळ साचत गेला की क्षमता घटते. ही घट जोखण्यासाठी उपग्रहीय सुदूर संवेदनाचा उपयोग होतो.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. पाणी निकट-अवरक्त किरण शोषून घेते, तर हिरवी पिके ते मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. त्यामुळे प्रतिमेत पाणी काळे दिसते आणि काठ स्पष्ट होतो. मराठवाड्यातील ओली काळी जमीनही गडद दिसत असल्याने अनेक तरंगपट्ट्यांची तुलना करावी लागते.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील प्रतिमा १९७२ पासून आहेत. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. २००३ मधील रिसोर्ससॅट-१ वरील लिस-३ कॅमेऱ्याची विभेदनक्षमता २३.५ मीटर होती. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांकडून १० मीटर विभेदनाच्या प्रतिमा मिळतात. पावसाळ्यात ढगांमुळे अशा प्रतिमा निरुपयोगी ठरतात; तेव्हा रडार उपग्रहांचा आधार घेतला जातो.

काठ सरकला म्हणजे भूआच्छादन कायमचे बदलले, असे मात्र नव्हे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर रब्बीची पिके घेतली जातात. ऑक्टोबरमधील पाणी आणि फेब्रुवारीतील हिरवे शेत हा केवळ ऋतुबदल असतो. म्हणून भूआच्छादनाची तुलना करताना हंगाम आणि जलपातळी सारखी असावी लागते. कोकण किनाऱ्यावरील खारफुटीचा अभ्यास करताना भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते, त्यामागेही हेच कारण आहे.

गाळाच्या मोजणीत निरनिराळ्या जलपातळ्यांच्या दिवशीच्या प्रतिमांवरून जलव्याप्त क्षेत्र काढतात. लगतच्या दोन पातळ्यांवरील क्षेत्रांवरून त्यांमधील थरात किती पाणी मावते, हे गणिताने ठरते. धरण बांधतानाच्या क्षमतेशी त्याची तुलना केली की त्या थरात साचलेला गाळ कळतो. पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीखालचा तळ मात्र उपग्रहाला दिसत नाही. तेथे नौकेतून खोली मोजणे अपरिहार्य ठरते.

या आकडेमोडीचे महत्त्व टंचाईच्या वर्षी जाणवते. धरणातील साठा जलपातळीवरून, क्षमतेच्या तक्त्याच्या आधारे काढला जातो. तक्ता जुना राहिला, तर गाळाने व्यापलेली जागाही पाणी म्हणून मोजली जाते आणि कालव्याची आवर्तने त्या कागदावरील पाण्यावर आखली जातात. शेवटच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही तफावत पीक वाळू लागल्यावरच कळते. तक्ता वेळोवेळी सुधारला, तर तीच गोष्ट पेरणीपूर्वी कळू शकते.