बोंडअळी, गुलाबी : सामूहिक व्यवस्थापन

कपाशीच्या बोंडात राहून सरकी खाणारी कीड. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. गण लेपिडॉप्टेरा, कुल गेलेचिइडी. भारतातील नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे वर्णन केले.

नुकसान : फुलात शिरलेली अळी पाकळ्या धाग्यांनी बांधते, अशा अर्धवट उमललेल्या फुलास डोमकळी म्हणतात. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते आणि बोंड वरून निरोगी दिसते. आतल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून एकात्मिक व्यवस्थापनात रासायनिक फवारणी शेवटच्या क्रमांकावर येते.

प्राधान्यक्रम : (१) डिसेंबरअखेर हंगाम संपविणे, फरदड (हंगामानंतर राखलेले पीक) न घेणे, पऱ्हाटी व किडकी बोंडे नष्ट करणे. अळी सुप्तावस्थेत उरल्यासुरल्या बोंडांत व सरकीत तग धरते. एका शेतातील फरदड शेजारच्या शिवारालाही पुढच्या हंगामात कीड पुरविते. त्यामुळे हा उपाय गावाने मिळून करावयाचा आहे. (२) जिनिंग कारखाने व संकलन केंद्रांवर सापळे लावणे, किडक्या सरकीची विल्हेवाट. (३) हंगामपूर्व लागवड टाळणे, कमी कालावधीचे वाण. (४) निरीक्षण. (५) गरजेपुरती फवारणी.

निरीक्षण व आर्थिक नुकसानीची पातळी : मादीच्या गंधातील गॉसिप्लुअर हे रसायन १९७३ मध्ये ओळखले गेले. त्याची ल्यूर बसविलेले कामगंध सापळे हेक्टरी पाच लावतात. ल्यूर ठरलेल्या मुदतीत बदलावी लागते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक नर पतंग आढळणे, अथवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे किडकी असणे, ही पातळी मानतात. बोंडे फोडूनच पाहावी लागतात. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्पात कापूस व सोयाबीनवरील किडींची नियमित नोंद व सल्ला सुरू झाला.

जैविक उपाय : ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री हा अंड्यांवरील परोपजीवी.

बीटी वाण : बीटी कपाशीस २००२ मध्ये व दोन जनुकांच्या वाणास २००६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे अळीने या दोन जनुकांपासून तयार होणाऱ्या दोन्ही कीडनाशक प्रथिनांना प्रतिकार मिळविला. बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रय ओळी न लावणे, दीर्घ मुदतीचे संकर आणि फरदड ही कारणे सांगितली जातात. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याबाबत मतभेद आहेत. २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

इतरत्र : अमेरिकेत बीटी कपाशी, वंध्य पतंग, कामगंध आणि हंगामानंतर पिकाचा नाश हे उपाय सलग क्षेत्रावर एकत्र राबविले गेले. तेथील कापूस क्षेत्रातून या अळीचे उच्चाटन झाल्याची घोषणा ऑक्टोबर २०१८ मध्ये करण्यात आली.