ढाक्यात मोजलेले शब्द

पाचवीला इंग्रजी सुरू झाले तेव्हा आमच्या उर्दू शाळेत प्रत्येकाला एक वेगळी वही करावी लागे. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात उच्चार, तिसऱ्यात उर्दू माने. रोज दहा शब्द पाठ करायचे आणि सकाळी उभे राहून म्हणायचे. या वहीत 'यॉट' होता, 'ऑस्ट्रिच' होता, 'झेब्रा' तर होताच. आमच्या तालुक्याच्या गावात समुद्र सोडा, धड नदीला पाणी नव्हते. पण यॉट म्हणजे काय, हे वर्गातल्या पन्नासही पोरांना तोंडपाठ होते.

माझ्या शेजारी बसणारा मित्र सातवीत शाळा सोडून गॅरेजवर लागला. शब्द पाठ करण्यात तो माझ्यापेक्षा हुशार होता. काही महिन्यांनी भेटला तेव्हा एका डब्यावर काय लिहिलंय, वाचून सांग, म्हणाला. डब्यावर ऑइल कशात टाकायचे आणि कशात टाकायचे नाही, एवढेच लिहिले होते. तीन वर्षांत पाठ केलेल्या शब्दांपैकी त्याच्या कामाचे किती, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. तो शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाने ढाक्यात विचारला होता, हे फार उशिरा कळले.

त्याच्याकडे जाण्याआधी पाठांतराबद्दल थोडे. शब्द घोकायची सवय आपल्याला इंग्रजांनी लावलेली नाही. मदरशांत आणि मकतबांत 'निसाब' नावाचा एक जुना प्रकार होता. परक्या भाषेतले शब्द आणि त्यांचे अर्थ पद्यात गुंफायचे, म्हणजे पोरे ते गात गात लक्षात ठेवतात. अबू नस्र फराहीचे 'निसाबुस्सिबयान' हे अरबी-फारसीचे निसाब शतकानुशतके चालले. आपल्याकडे 'खालिक बारी' प्रसिद्ध. ती अमीर खुस्रोंच्या नावावर सांगितली जाते, पण हाफिज महमूद शीरानी यांनी ती खुस्रोंची नव्हे, बऱ्याच नंतरच्या काळातली आहे, असे मांडले आणि अनेक अभ्यासकांना ते पटले आहे. खुद्द मिर्झा गालिब यांनीही असले एक पुस्तक लिहिले, 'कादिरनामा'. त्यांच्या बेगमचा भाचा आरिफ तरुणपणी वारला. त्याची दोन मुले गालिबच्या घरी वाढली. त्यांना अरबी-फारसी शब्द यावेत म्हणून दिवान लिहिणारा हा शायर बाराखडीच्या मास्तराच्या पातळीवर उतरला. मला गालिबचे हे रूप फार आवडते.

पंतोजींच्या शाळेतही वेगळे नव्हते. अमरकोश पद्यातच आहे आणि मुले तो अर्थ कळण्याआधी पाठ करीत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला 'राज्यव्यवहारकोश' दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो, सुमारे १,४०० शब्दांना, आणि तोही श्लोकांतच. म्हणजे मौलवी आणि पंतोजी यांची पद्धत एकच. फरक इतकाच की निसाब लिहिणाऱ्याने शब्द निवडलेले असत. चारदोनशे ओळींत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचा विचार त्याला करावाच लागे. पद्यात जागा कमी असते.

इंग्रजी आली तेव्हा हा विचार सुटला. मुसलमान इंग्रजीत मागे का राहिले, यावर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे मौलवींचे फतवे. विरोध होता, ते खरे. पण दिल्लीचे शाह अब्दुल अजीज, जे १८२४ साली वारले, त्यांनी इंग्रजी शिकण्यात हरकत नाही, असे मत दिले होते, हे सहसा सांगितले जात नाही. फतव्यापेक्षा साधी कारणे जास्त जड होती: फी, शाळेचे अंतर, शेतात लागणारे हात. मूल शाळेत जात होते, पण टिकत नव्हते. आणि पुस्तके मात्र ते टिकणारच, असे धरून लिहिलेली होती.

इथे मायकेल वेस्ट येतो. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधला हा इंग्रज अधिकारी ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. पूर्व बंगालची बहुसंख्य प्रजा मुसलमान, शेतकरी आणि बंगाली बोलणारी. १९२६ साली त्याचा द्विभाषिकतेवरचा, विशेषतः बंगालवरचा ग्रंथ कलकत्त्याहून सरकारी अहवालाच्या रूपात निघाला. त्यात त्याने विम्याच्या धंद्यातली एक कल्पना शिक्षणात आणली: सरेंडर व्हॅल्यू.

ज्याच्या घरी कधी पॉलिसी होती त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. वीस वर्षांची पॉलिसी घेतली, पाच वर्षे हप्ते भरले आणि मग जमेना म्हणून मोडली, तर हातात काय येते ती सरेंडर व्हॅल्यू. वेस्टचे म्हणणे असे की शाळेतल्या इंग्रजीचीही अशीच किंमत काढा. मॅट्रिकपर्यंत जाणाऱ्याला ती मिळेल. पण जो दोन-तीन वर्षांतच शाळा सोडतो, त्याच्या हातात काय? त्याचे उत्तर होते, जवळजवळ काहीच नाही. काही सुटे शब्द, थोडे व्याकरण, दोनचार पाठ केलेली वाक्ये. एक पान वाचून समजेल, इतकेही नाही.

हे प्रकरण किती मोठे होते, ते हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालावरून कळते. या समितीचे अध्यक्ष सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांनी काढलेला आकडा शिक्षणाच्या इतिहासात नेहमी दिला जातो: १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. अहवालाने याला 'वेस्टेज' म्हटले, म्हणजे नासाडी. तो शब्द मला खटकतो. नासाडी पैशांची झाली असेल. पण त्या ८२ मुलांना आपण वाया गेलो, असे कोणी विचारायला गेले नव्हते.

वेस्टने चालू वाचनमाला घेतल्या आणि शब्द मोजायला बसला. दिसले ते असे की ओळीओळीला नवे शब्द आदळतात. मूल एका शब्दाशी झटते तोवर दुसरा येतो, आणि आधीचा पुन्हा कधी भेटतच नाही. त्यात कितीतरी शब्द असे की इंग्रजाच्या पोरालाही वर्षाकाठी एकदा लागतील. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १९२१ साली १०,००० शब्दांची यादी काढली होती. पुस्तके, वर्तमानपत्रे, बायबल, पत्रे असा मजकूर हातांनी मोजून कुठला शब्द किती वेळा येतो, ते तिच्यात दिले होते. वेस्टने तिचा आधार घेतला. दुर्मिळ शब्द काढून त्यांच्या जागी रोजचे घातले. नव्या शब्दांची वाटणी केली, साधारण पन्नास-साठ ओळखीच्या शब्दांमागे एक नवा. नवा शब्द आला की तो त्याच पानावर आणि पुढच्या पानांवर परत परत यायला हवा. यातून 'न्यू मेथड रीडर्स' तयार झाले आणि पुढे बंगालच्या बाहेर, आशिया-आफ्रिकेतल्या शाळांत गेले.

वेस्टचा आग्रह वाचनावर होता, बोलण्यावर नाही. कारण तेच. बोलायला सोबत लागते आणि सराव सुटला की ते जाते. वाचता येऊ लागले की शाळा सुटल्यावरही एकट्याला पुढे जाता येते. बंगाली मुलाला इंग्रजी कशाला हवी, तर त्याच्या भाषेत जी माहिती छापली जात नाही, ती मिळवायला.

आपल्या समाजाला हा मुद्दा लवकर कळायला हवा. नाझरा कुरआन आपण सगळेच शिकलो आहोत. अक्षर अचूक, उच्चार अचूक, अर्थ मात्र कोणी सांगितला तर. इबादतीत त्याची स्वतंत्र जागा आहे, त्यावर मला इथे काही म्हणायचे नाही. पण तीच सवय घेऊन मूल इंग्रजीच्या पानाकडे वळते आणि मोठ्याने वाचता आले म्हणजे वाचता आले, असे मास्तर आणि पालक दोघेही समजतात.

त्याच काळात केंब्रिजचा सी. के. ऑग्डन 'बेसिक इंग्लिश' घेऊन आला. १९३० साली त्याने जाहीर केले की ८५० शब्दांत सगळे सांगता येते. क्रियापदे त्याने अवघी अठरा ठेवली. कागदावर कल्पना सुंदर, पण 'विचारणे' हा साधा शब्द टाळायला तीन शब्दांची कसरत करायची, तर शिकणाऱ्याचा भार हलका कसा होणार? वेस्टने या पद्धतीवर कडक टीका केली आणि माझ्या मते तो बरोबर होता. त्याने स्वतः दुसरी वाट घेतली. १९३५ साली जे. जी. एंडिकॉट यांच्यासह केलेल्या त्याच्या कोशात २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत समजावलेले आहेत. कठीण शब्दाचा अर्थ त्याहून कठीण शब्दात सांगायचा नाही, हा नियम आज कुठल्याही लर्नर्स डिक्शनरीत दिसतो. त्याचे एक मोठे मूळ इथे आहे.

१९३४ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने न्यूयॉर्कला शब्द मोजणाऱ्या मंडळींना एकत्र बसवले. वेस्ट होता, थॉर्नडाइक होता, तोक्योत काम करणारा हॅरल्ड पामर होता. त्यातून निघालेली यादी युद्धानंतर, १९५३ साली वेस्टने सुधारून छापली: 'अ जनरल सर्व्हिस लिस्ट'. सुमारे २,००० शब्द, आणि प्रत्येक शब्दाचा कुठला अर्थ किती टक्के वेळा येतो, तेही. शिक्षकाला यातून कळते की एखाद्या शब्दाचे सहा अर्थ असले तरी आधी कुठला एक शिकवायचा. संगणक नसताना हे केले आहे.

आता उणिवा. हे २,००० शब्द साध्या मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात, असे म्हणतात. ऐकायला भरघोस वाटते. पण ८० टक्के म्हणजे दर पाचवा शब्द अनोळखी. तसले पान समजत नाही. कोशाशिवाय इंग्रजी पुस्तक वाचायला ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा हिशेब न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. शिवाय यादी जुनी झाली. तिच्यात 'सर्व्हंट' आणि 'कार्ट' आहेत, 'कॉम्प्युटर' आणि 'टेलिव्हिजन' नाहीत. २०१३ साली २७ कोटींहून अधिक शब्दांच्या मजकुरावरून नवी यादी निघाली, ती या कामासाठी अधिक बरी. आणि वेस्ट वसाहतीचा नोकर होता, हेही विसरून चालत नाही. नेटिव्हाने वाचावे, बोलण्याची त्याला गरज नाही, या विचारात साहेबाची सोयही होती. साहेबाशी बोलायला वकील-बॅरिस्टर होतेच.

वेस्टच्या कोशानंतर दोनच वर्षांनी आपल्या मराठवाड्यात एक वेगळे काम पुरे झाले. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार औरंगाबादेत आणला होता. १९३७ साली अंजुमनने तिथून 'स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी' काढली. जाडजूड ग्रंथ, अनेक विद्वानांची वर्षानुवर्षांची मेहनत. 'बाबा-ए-उर्दू'ना सिद्ध करायचे होते की इंग्रजीतली कुठलीही कल्पना उर्दूत मांडता येते, आणि ते त्यांनी केले. या डिक्शनरीच्या आवृत्त्या अजून निघतात. माझ्या घरी एक आहे.

पण ती उघडायला आधी बरेच इंग्रजी यावे लागते. जो सातवीत शाळा सोडतो त्याच्यासाठी उर्दूत वा मराठीत, त्याचे पहिले हजार-दोन हजार इंग्रजी शब्द मोजून, गोष्टींत पेरून, परत परत भेटतील अशी पुस्तके मी शोधतो आहे. बाजारात 'तीस दिवसांत इंग्रजी' मिळते. गेल्या महिन्यात भाचीची वही पाहिली. इंग्रजी माध्यमाची शाळा, फी भक्कम. रकाने आता चार आहेत, चौथ्यात वाक्यात उपयोग. त्या आठवड्याच्या यादीत वरून तिसरा शब्द होता 'यॉट'.