अणुसामग्रीचे संरक्षण व आण्विक दहशतवादाचा प्रतिबंध (ठाणे जिल्हा)

अणुबाँब बनवण्यास उपयोगी पडणारे प्लुटोनियम व अतिसमृद्ध युरेनियम, तसेच रुग्णालये, कारखाने व संशोधनसंस्था यांत वापरले जाणारे प्रखर किरणोत्सारी स्रोत चोरी, अपहार, घातपात व बेकायदा विक्री यांपासून सुरक्षित राखण्यासाठी राष्ट्रांनी स्वतंत्रपणे व परस्परांच्या सहकार्याने उभारलेली व्यवस्था. आण्विक दहशतवाद या संज्ञेत चार शक्यतांचा समावेश होतो: तयार अण्वस्त्राची चोरी, चोरलेल्या सामग्रीपासून ओबडधोबड बाँब बनवणे, अणुभट्टी किंवा इंधनसाठ्यावरील घातपात, आणि साध्या स्फोटकाच्या साहाय्याने किरणोत्सारी पदार्थ विखुरणे, ज्याला ‘डर्टी बाँब’ म्हणतात. यांतील पहिल्या दोन शक्यता सर्वाधिक विनाशकारी असल्या तरी दुर्मिळ आहेत. शेवटची तुलनेने सोपी असल्याने नियामकांचे व पोलिसांचे बरेचसे दैनंदिन काम तिच्याभोवती फिरते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत अणुभट्टी नाही. तथापि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत अणुविद्युत केंद्र असलेले तारापूर आणि शहापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते, किरणोत्सारी समस्थानिकांचा देशाला पुरवठा करणारे केंद्र याच जिल्ह्यातील वाशी येथे आहे, आणि युरेनियमच्या बेकायदा विक्रीची दोन प्रकरणे ठाणे व मुंबई येथे उघडकीस आली आहेत. एकाच प्रशासकीय परिसरात अणुसंरक्षणाच्या इतक्या बाजू एकत्र पाहावयास मिळणे भारतात विरळच आहे.

तारापूर अणुविद्युत केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने उभारल्या व ऑक्टोबर १९६९ पासून त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्यांच्यासाठी लागणारे अल्पसमृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे, असे १९६३ च्या भारत-अमेरिका करारात ठरले होते, आणि हे इंधन शस्त्रांसाठी वळवले जात नाही याची खात्री करण्याचे काम १९७१ च्या त्रिपक्षीय करारान्वये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे आले. या व्यवस्थेस ‘सेफगार्ड्स’ म्हणतात. तिचे स्वरूप मुख्यतः हिशेबतपासणीचे असते: किती इंधन आले, किती भट्टीत गेले व किती जळून बाहेर पडले यांच्या नोंदी परदेशी निरीक्षक प्रत्यक्ष साठ्याशी ताडून पाहतात आणि दोन भेटींच्या दरम्यान सील व कॅमेरे यांवर भिस्त ठेवतात. हिशेबतपासणी आणि पहारा या दोन गोष्टींची सामान्य लिखाणात नेहमी सरमिसळ होते, म्हणून येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे की सेफगार्ड्सचा रोख राष्ट्राने सामग्री दुसरीकडे वळवण्यावर असतो, तर चोर व घातपाती यांना रोखण्याची जबाबदारी सर्वस्वी त्या राष्ट्राचीच असते. तारापूरच्या कुंपणावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात, व्हिएन्नाचे निरीक्षक नव्हे.

हा भेद तारापूरच्याच आवारात ठळकपणे दिसतो. २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या, ज्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांचे पुनर्वसन करावे लागले, स्वदेशी बनावटीच्या असून नागरी व लष्करी प्रकल्प वेगळे करण्याच्या भारताच्या आराखड्यात त्या आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे एकाच परिसरातील दोन भट्ट्यांत परदेशी निरीक्षक येतात व दोन भट्ट्यांत येत नाहीत. पहाऱ्याची गरज मात्र चारही भट्ट्यांना सारखीच आहे.

पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनाचा इतिहास सहकार्याच्या मर्यादाही दाखवतो. १९७४ ची पोखरण चाचणी व त्यानंतरचा अमेरिकेचा १९७८ चा अण्वस्त्रप्रसार प्रतिबंधक कायदा यांमुळे अमेरिकी पुरवठा थांबला. १९८२ नंतर फ्रान्सने, पुढे चीनने व रशियाने इंधन दिले. जळून निघालेले अमेरिकी इंधन मात्र तारापूरलाच राहिले, कारण अमेरिका ते परत नेईना व त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास संमतीही देईना. जळलेल्या इंधनात प्लुटोनियम असते, म्हणून तीव्र किरणोत्सारामुळे हाताळण्यास कठीण असले तरी ते दीर्घकाळ राखणीत ठेवावेच लागते. १९६३ चा करार १९९३ मध्ये संपला, तरी भारताने आंतरराष्ट्रीय संस्थेशी नवा करार करून तारापूरवरील तपासणी चालू ठेवली. ज्या इंधनाबाबत पुरवठादाराने आपला शब्द पाळला नव्हता, त्याच्याबाबतही भारताने हे बंधन स्वीकारले, ही बाब भारताच्या अणुधोरणाचे मूल्यमापन करताना जितकी विचारात घेतली जावयास हवी तितकी घेतली जात नाही.

पहाऱ्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र हळूहळू घडत गेले. १९८० चा अणुसामग्रीच्या भौतिक संरक्षणाचा करार प्रामुख्याने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सामग्रीपुरता होता. २००५ च्या दुरुस्तीने देशांतर्गत साठा, वापर, वाहतूक व प्रकल्पांवरील घातपात यांनाही तो लागू झाला. भारताने मूळ करार २००२ मध्ये व दुरुस्ती २००७ मध्ये स्वीकारली, परंतु पुरेशा राष्ट्रांची संमती मिळून ही दुरुस्ती अमलात येण्यास ८ मे २०१६ ही तारीख उजाडली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल २००४ मध्ये संमत केलेल्या १५४० क्रमांकाच्या ठरावानुसार प्रत्येक राष्ट्राने अशा सामग्रीचा दहशतवादासाठी होणारा व्यवहार गुन्हा ठरवणारे कायदे करणे बंधनकारक झाले, आणि भारताने २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा केला. २०१० ते २०१६ या काळात वॉशिंग्टन, सोल, हेग व पुन्हा वॉशिंग्टन येथे चार अणुसुरक्षा शिखर परिषदा झाल्या. पहिल्या परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी घोषित केलेले जागतिक अणुऊर्जा सहकार्य केंद्र हरियाणात उभे राहिले. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अप्सरा या १९५६ मधील अणुभट्टीत अतिसमृद्ध युरेनियम वापरले जाई. तिच्या जागी २०१८ मध्ये सुरू झालेली अप्सरा-यू ही भट्टी अल्पसमृद्ध इंधनावर चालते. चोरीस योग्य अशी सामग्रीच कमी करत जाणे हे पहारा वाढवण्यापेक्षा अधिक खात्रीचे साधन होय. या भट्ट्या ज्याच्या आवारात आहेत त्या भाभा अणुसंशोधन केंद्राबाबतची चिंता केवळ तात्त्विक नव्हती, कारण २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडली याने त्या केंद्राचे चित्रीकरण केल्याचे २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढील साक्षीत सांगितले.

बाँबसाठी निरुपयोगी परंतु माणसाला घातक अशा स्रोतांचे क्षेत्र याहून फार विस्तृत आहे. वाशीच्या किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या आवारात मसाल्यांवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची प्रक्रिया होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील ‘कृषक’ या केंद्रातून प्रक्रिया झालेला हापूस २००७ मध्ये अमेरिकेस गेला. शहापूर तालुक्यातील वाशिंद-आसनगावचा पट्टा किंवा मुरबाडची औद्योगिक वसाहत यांसारख्या कोणत्याही कारखानदारी भागात वाहिन्या व बॉयलर यांची जोडणी तपासण्यासाठी इरिडियम-१९२ असलेला कॅमेरा आणला जाऊ शकतो, आणि त्याच्या मालकास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, स्रोताची नोंद व हरवल्यास मंडळास आणि पोलिसांना तत्काळ सूचना ही बंधने पाळावी लागतात. आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये अशा स्रोतांसाठी आचारसंहिता मान्य केली व स्रोतांच्या धोक्यानुसार पाच श्रेणीही केल्या असून भारतातील नियम त्याच धर्तीवर आहेत.

या साखळीचा कच्चा दुवा म्हणजे भंगार. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये ओसाड रुग्णालयातून नेलेल्या सीझियम-१३७ मुळे ४ जणांचा मृत्यू झाला व २४९ जण दूषित झाले. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एप्रिल २०१० मध्ये एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या उपकरणातील कोबाल्टमुळे एका कामगाराचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी दहशतवादी नव्हते, होते ते धातू फोडून विकणारे गरीब लोक; परंतु जी वस्तू त्यांच्या हाती अडथळ्याविना पडली ती वाईट हेतूच्या माणसाच्या हातीही पडू शकली असती.

डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सुमारे ९ किलो युरेनियमसह दोघांना अटक केली. भाभा केंद्राच्या तपासणीत ते क्षीण युरेनियम, म्हणजे समृद्धीकरणानंतर उरलेले, २३५ भाराचा अणू अत्यल्प असलेले युरेनियम ठरले. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत सुमारे ७ किलो नैसर्गिक युरेनियम जप्त केले. त्यातील एक आरोपी ठाण्याचा रहिवासी होता, आणि पुढील तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. दोन्ही वेळी किंमत वीस कोटींहून अधिक सांगितली गेली व वृत्तपत्रांनी तीच मथळ्यात घेतली. प्रत्यक्षात २०२१ च्या आंतरराष्ट्रीय दराने ७ किलो नैसर्गिक युरेनियमचे एक लाख रुपयेही होत नव्हते, त्यात २३५ भाराचे युरेनियम जेमतेम ५० ग्रॅम असते, आणि आंतरराष्ट्रीय संस्था एका बाँबच्या दृष्टीने लक्षणीय मानते ते प्रमाण नैसर्गिक युरेनियमबाबत १० टन, क्षीण युरेनियमबाबत २० टन आहे. प्लुटोनियमबाबत मात्र ते केवळ ८ किलो आहे. कोटींचे आकडे छापल्याने वाचकाची भीती वाढते आणि भंगारातून असा माल उचलून गिऱ्हाईक शोधणाऱ्यांची आशाही वाढते, हा या वार्तांकनाचा खरा अपाय होय. तरीही ही प्रकरणे क्षुल्लक नव्हेत. क्षीण युरेनियम गॅमा कॅमेऱ्यांत व कर्करोगोपचाराच्या जुन्या यंत्रांत किरण अडवणारे कवच म्हणून वापरले जाते. कवच बाजारात येऊ शकते तर आतला स्रोत कोठे गेला, हा प्रश्न प्रत्येक जप्तीत विचारावाच लागतो.

अशा प्रसंगांची नोंद आंतरराष्ट्रीय संस्था १९९५ पासून ठेवत आहे. प्रखर स्रोतांच्या उपकरणावर लावण्यासाठी तिने २००७ मध्ये नवे चिन्हही प्रसृत केले: लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी व हाडे, आणि दूर पळणारा माणूस. जुने तीन पाकळ्यांचे चिन्ह ज्यांनी कधी पाहिलेले नाही त्यांनाही धोका कळावा म्हणून ते भारतासह ११ देशांतील लोकांना दाखवून निवडण्यात आले, आणि उपकरण खोलू लागलेल्या माणसाच्या ते नेमके त्याच वेळी नजरेस पडावे म्हणून बाहेरच्या खोक्यावर न लावता आतल्या आवरणावर लावावयाचे असते. मोठे पोलाद कारखाने आलेले भंगार किरणोत्सारमापकाखालून जाऊ देतात. महामार्गालगतच्या लहान भंगारवाल्याकडे सहसा तसे यंत्र नसते. राष्ट्रांमधील सहकार्यही अलीकडे आकसले आहे. २०१६ च्या शिखर परिषदेस रशिया आला नाही, आणि अमेरिका व रशिया यांच्या सह-अध्यक्षतेखाली २००६ मध्ये सुरू झालेल्या आण्विक दहशतवादविरोधी जागतिक उपक्रमाचे काम युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये थांबले.